सोनबांचा दुसरा यो-यो

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर वीस-बावीस घरांची एक वाडी आहे. तिथले सोनबा आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात. दुपारची वेळ होती. हे आत डुलकी काढत होते आणि मी गल्ल्यामागे बसून वाती वळत होते. रोज शंभर वाती वळायच्या, लाख पुऱ्या झाल्या की विरेश्वराला लावायच्या, असा माझा नेम आहे. सकाळी घरी राहिल्या तर त्या मी दुकानात पुऱ्या करते. महाडच्या बाजारात दुपारी कटलरी आणि खेळण्यांच्या दुकानात येतंच कोण?

आले ते सोनबा. पासष्टी उलटलेली, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक निळा, कडा घासलेला प्लास्टिकचा यो-यो काढला आणि काचेवर ठेवला.

"वयनी, ह्याचा थोरला भाऊ पायजे. लोखंडाचा."

"नातवाला का?" मी विचारलं.

"मला."

हसू आलं होतं, पण आवरलं. ते इतकं सरळ बोलले होते, जसं कुणी कोयता मागावा.

मग त्यांनीच सांगितलं. मुलगा भांडुपला असतो. त्याची सेजल बारा वर्षांची, यो-योच्या स्पर्धांना जाते. निळा तिचाच, दिवाळीला आली तेव्हा वाडीवर टाकून गेली. सोनबा गुरं चारायला जाताना तो बरोबर नेऊ लागले. आधी गंमत म्हणून, मग हात राहीना म्हणून.

"पोर पयली अख्खा मे महिना ऱ्हायची वो माझ्याजवळ," ते म्हणाले. "आता दोन वरसं झाली, येते नि दोन दिवसांत चालली. बोर होतं म्हणते. मी फोनवर बोललो, ये, औंदा आपण दोघं खेळू. तर हसली. म्हणते, आजोबा, तुमच्याकडं एकच हाय, तो पण माझा टाकलेला. मेटलचा घ्या, मग खेळू." टॉवेलाने त्यांनी तोंड पुसलं. "औंदा नाय ऱ्हायली तर पुढं येणार नाय. आठवीत गेली की शिकवण्या लागतात. दोन दिवसांत पोर गाय ओळखत नाय, मला काय ओळखणार?"

धातूचे तीन यो-यो काचेच्या कपाटात होते. ह्यांचा भाचा जितेश पुण्याला असतो, त्याला याचं वेड. त्यानेच ते ठेवायला लावले होते आणि फोनवर मला सगळं समजावलंही होतं. प्लास्टिकचा साधा यो-यो खाली सोडला, जरा झटका दिला, की आपणहून हातात येतो. धातूचा येत नाही. तो खालीच फिरत राहतो, दोरीची घडी करून पोटात सरकवावी तेव्हा वर चढतो. शिकाऊ माणसाने तो घाईने घेतला, तर आठ दिवसांत कंटाळून फडताळात टाकतो. आमच्याकडून नेलेल्या दोघांनी तसंच केलं होतं.

म्हणून मी सोनबांना म्हटलं, "आधी हा चालवून दाखवा."

त्यांनी चालवला. यो-यो खाली गेला आणि तिथे न थांबता उडी मारून लगेच परत आला. पुन्हा तेच.

"आठ दिस झाले, असंच करतोय. म्हणून तर लोखंडाचा पायजे."

मी तो हातात घेतला. खोबरेलाचा वास!

"तेल घातलंत का यात?"

"मंग! आस कोरडा कसा ठेवायचा? दाराच्या बिजागरीला नाय घालत?"

आता मात्र मी हसले, आणि तेही हसले. ह्यांना उठवलं. ह्यांनी तो उघडून आतले छर्रे पेट्रोलच्या बोळ्याने पुसले, तेव्हा कुठे यो-यो खाली जाऊन जागच्या जागी फिरू लागला. तेलाने दोरी आत चिकटत होती, दुसरं काही नाही.

"सोनबाभाऊ," मी म्हटलं, "हा खाली फिरत असताना मी रामनाम घेईन. 'श्रीराम जय राम जय जय राम.' अकरा वेळा म्हणून होईपर्यंत तो फिरत राहिला पाहिजे, आणि बोलावल्यावर हातात आला पाहिजे. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी दुसरा देते."

त्या दिवशी तीनच झाले.

"अकरा?" ते म्हणाले. "वयनी, ह्यो खेळ हाय का उपास?"

पण निळा खिशात घालून गेले.

ते गेल्यावर हे माझ्यावर उखडले. "गिऱ्हाईक दारात उभं, आणि तू त्याला परत पाठवलंस. दुकान मांडलंय की मठ?"

मी पुढची वात वळायला घेतली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदम तीन व्रतं धरली होती, आणि श्रावण संपायच्या आत तिन्ही मोडली होती. पहिलं अंगात मुरायच्या आधी दुसरं धरलं की पहिलंही हातचं जातं, हे मी सोसून शिकले आहे. पण खरं सांगते, त्या रात्री मनाला लागून राहिलं. त्यांनी एका पोरीसाठी मागितलं होतं, आणि मी अट घातली. त्यांना जमलं नाही तर?

शिमग्याच्या आधी ते पुन्हा आले. दोरी झिजून सुतळीसारखी झाली होती. त्या दिवशी आठ झाले. आठव्याला यो-यो झिंगल्यासारखा कलला.

"वाडीवर काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात म्हातारचळ लागला. काल तो शेजारचा सुधीर म्हणतो, आजा, आता गोट्या आणू का? मी बोललो, आण, पण तुझ्यासारखा हरणारा पायजे." ते मजेत हसले. "सकाळी दूध काढून झालं की कड्याच्या अंगाला उभा ऱ्हातो. म्हशी बघतात. एक रेडकू मेलं दोरी चाटायला येतं."

जुनी दोरी सोडवताना माझ्या लक्षात आलं, ती झिजली होती पण कुठे गुंतली नव्हती. यो-यो फिरून फिरून दोरीला पीळ चढतो आणि ती आखडते. जितेशने सांगितलं होतं की अधूनमधून तो काढावा लागतो, नवीन लोकांना ठाऊक नसतं.

"पीळ कसा काढता?"

"आंब्याच्या फांदीला टांगून सोडून देतो. आपला आपला उलटा फिरतो नि शांत होतो. दावं नाय का? गाय एकाच अंगाला फिरत ऱ्हायली की दावं आखडतं. मंग गायीला सोडून दाव्याला लोंबकळू द्यायचं."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी वातींची परडी बाजूला सारली आणि शिवणाच्या दोऱ्याचं रीळ काढलं. आठ पदर घेतले, पीळ दिला, दुमडून उलटा पीळ दिला, खाली आसात अडकवायला फासा ठेवला. विकतच्या दोरीपेक्षा अंमळ जाड झाली, पण सोनबांनी ती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "ही ऱ्हाईल."

रोजच्या वाती झाल्या की एक दोरी, असं मग माझं सुरू झालं.

मध्ये तळ्याच्या सत्याग्रहदिनाच्या, मार्चमधल्या गर्दीचे दिवस गेले. रस्ते माणसांनी भरलेले, गाड्या लांब थांबलेल्या. तेव्हा ते काही आले नाहीत. आले ते हनुमानजयंतीला. माझा उपास होता आणि दुकानात हेही होते.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला त्यांनी फडकं बांधलं होतं.

"दोरीनं कापलं. पण आज अकरा हाय, वयनी. म्हणा तुमचं."

यो-यो खाली सोडला. मी म्हणू लागले. सात, आठ, नऊ. ह्यांनीही ओठ हलवायला सुरुवात केली होती, मला दिसलं. अकरा झाले, मी थांबले, तरी तो फिरतच होता. सोनबा म्हणाले, "म्हणा की पुढं." चौदा झाले. मग त्यांनी बोट किंचित हलवलं आणि निळा वर येऊन तळहातात बसला.

ह्यांनी टाळी वाजवली. मी कपाट उघडलं, धातूचा चकचकीत यो-यो काढून काचेवर ठेवला. सोनबा तो बघत होते, आणि मी बघत होते त्यांचा हात. यो-यो डाव्या हातात होता.

"सोनबाभाऊ, हे डाव्याने केलंत?"

"उजव्याचं बोट कापलंय ना. चार दिस डाव्यानंच चालवतोय."

"डावरे आहात?"

"नाय वो."

"मग डाव्याने इतकं साफ कसं येतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "दूध दोन्ही हातांनी काढतात ना, वयनी. उजवा दमला म्हणून काय गाय थांबते?" आणि दाखवायचं म्हणून त्यांनी यो-यो खाली न सोडता समोर फेकला. तो मनगटाशी परत आला. त्यांनी पकडला नाही, मनगट वळवून तसाच पुन्हा पुढे धाडला. पुन्हा, पुन्हा. दहा-बारा वेळा. फडकं बांधलेल्या हातात घेऊन तेवढंच उजव्याने केलं. दोन्हींत तिळाचा फरक नाही.

मला जितेशचं बोलणं आठवलं. काहीजण एका वेळी दोन चालवतात, एकेका हातात एकेक. दोन्ही एकाच जातीचे लागतात, आपणहून परत येणारे. फार अवघड, मामी, तो म्हणाला होता, कारण डावा हात ऐकत नाही. वर्षं जातात तो वळवण्यात.

इथे समोर एक माणूस उभा होता, ज्याचा डावा हात पन्नास वर्षांपूर्वीच वळलेला होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

मी खालच्या खोक्यातून दुसरा निळा यो-यो काढला, अगदी त्यांच्याकडच्यासारखाच, फक्त नवा, आणि धातूच्या शेजारी ठेवला.

"तुमचा दुसरा हा असावा असं मला वाटतं. एक उजव्यात, एक डाव्यात. दोन्ही एकदम."

सोनबांचा चेहरा उतरला. "वयनी, मी अकरा पुरे केले."

"केलेत."

"सेजल मेटलचा बोलली. मी पुन्हा निळाच दाखवला तर पोर म्हणंल, आजोबा, तेच घेऊन बसलात."

"शब्द दिलाय, तो मोडणार नाही," मी म्हटलं. "मेटलचा हवा तर हा तुमचा. पण तिच्याकडे तसे खूप असतील. ती मेमध्ये येईपर्यंतच्या सहा आठवड्यांत तुम्ही तिच्यासारखंच खेळू पाहाल, आणि तिच्या मागेच राहाल. तुम्हीच ठरवा."

हे म्हणाले, "अगं, माणूस मागतोय ते दे ना!" मी दोन्ही यो-यो सोनबांपुढे सरकवले. पोरगी हसली तर माझ्यामुळे हसणार होती.

सोनबांनी धातूचा यो-यो उचलला, तोलला, ठेवला. नवा निळा उचलला. मग खिशातला जुना काढून दोन हातांत दोन घेतले आणि डोळे मिटून जरा उभे राहिले.

"जोताला दुसरा बैल बांधायचा," ते म्हणाले, "तर पयल्याच्या मापाचा बघतात. पयला चालायला शिकलेला असला की नवा त्याच्या बाजूनं चालतो. ह्यो लोखंडी म्हणजे रेडा हाय. चांगला हाय, पण माझ्या बैलाच्या बाजूला बांधला तर तास वाकडंच जाईल." डोळे उघडून त्यांनी नवा निळा खिशात टाकला. "ह्योच नेतो. रेड्याचं पुढच्या वरसाला बघू."

मी आजवर बरीच व्रतं केली, बऱ्याच करणाऱ्या बायका पाहिल्या. हवंहवंसं समोर ठेवलेलं असताना, ते आपल्या हक्काचं झालेलं असताना, असं शांतपणे बाजूला सारणारं माणूस क्वचित पाहिलं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. वाडीवर रेंज नसते, ते टेकाडावर चढून बोलत होते आणि वाऱ्याचा आवाज येत होता. "वयनी, दोन्ही चालतात, पण एक भानगड हाय. एका हाताची दोरी आवळत जाते, दुसऱ्याची सैल पडते. दर घटकेला झाडाला टांगायला लागतं."

मी दोन वाती हातात घेतल्या, एक उजव्या अंगाने वळली, एक डाव्या अंगाने, आणि बघत बसले. मग उमगलं. त्यांचे हात एकमेकांच्या उलट वळत होते आणि माझ्या दोऱ्यांना मात्र एकाच बाजूचा पीळ होता. मी डाव्या हातासाठी सगळं उलट करून दोरी वळली. इतक्या वर्षांच्या सवयीचे हात ते करायला कबूलच होईनात, पहिल्या चार उलगडून गेल्या. पाचवी बसली. उजव्यासाठी पांढऱ्या, डाव्यासाठी पिवळ्या, अशा वीस-वीस दोऱ्या मी पुडीत बांधून पोलादपूरच्या एस.टी.च्या वाहकाबरोबर धाडल्या. परत निरोप आला तो एवढाच: "झाडाचं काम संपलं."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, वीर स्टेशनवरून आलेली एक रिक्षा आमच्या दारात थांबली. सोनबा स्वतः स्टेशनवर आणायला गेले होते. त्यांच्यामागून त्यांची सून पूनम उतरली, घामाघूम, हातात दोन बॅगा. आणि सेजल, कानाला हेडफोन.

"बाबा, पोलादपूरची गाडी चुकेल. दुकानात काय आहे एवढं?" पूनम म्हणाली. "रविवारी परत निघायचंय, त्यात अर्धा दिवस इथेच."

"पाच मिनटं गो," सोनबा म्हणाले.

सेजलने कपाटातले धातूचे यो-यो पाहिले आणि हेडफोन काढला. "आजोबा, यातला घेतलात?"

"नाय."

"म्हणजे अजून तोच जुना?" ती वाईट पोर नव्हती, चेहरा पडू नये म्हणून तिने प्रयत्न केला. पण तो पडलाच. सोनबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

"तू तुझं दाखव बरं आधी," ते म्हणाले.

तिने बॅगेतून एक डबी काढली. सात होते त्यात, कापडात गुंडाळलेले. जांभळा घेऊन तिने दुकानासमोर दोरीचा पाळणा केला, यो-यो त्यात झुलवला, दोरीवर चढवला, उतरवला. खरंच सुरेख. सोनबा तोंड उघडं टाकून बघत होते, पोरीचं कौतुक डोळ्यांत मावत नव्हतं. त्यांचा हात खिशापाशी जाऊन थांबला होता.

शेवटी मीच म्हटलं, "सोनबाभाऊ, काढा."

त्यांनी दोन्ही बोटांत दोऱ्या अडकवल्या, पांढरी, पिवळी. पायरी उतरून रस्त्यावर उभे राहिले. पहिल्या फेकीला दोन्ही निळे हवेत एकमेकांवर आपटले आणि दोऱ्या गुंतल्या. पूनमने घड्याळ पाहिलं. हे उगाच खोकले.

सोनबांनी घाई केली नाही. गुंता सोडवला. पाय जरा फाकवले, गुडघ्यांत वाकले. मला वाटलं, आता ते खाली बसणार. गोठ्यात दूध काढायला वाकतात तसेच उभे होते ते. मग उजवा गेला. तो परतत असताना डावा गेला. उजवा, डावा, उजवा, डावा, न पकडता, न थांबता, चरवीत दोन धारा आळीपाळीने पडाव्यात तसे. समोरचा चप्पलवाला बाहेर आला. मी मोजायचं ठरवलं होतं, विसरले.

सेजल एक पायरी खाली उतरली, मग दुसरी.

"थांबा. थांबा, आजोबा. पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केलं.

"हे मला येत नाही," ती म्हणाली. "आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच येत नाही. द्या ना जरा."

उजव्याचं तिला लगेच जमलं. डावा फेकला तो तिच्याच कोपरावर बसला. पुन्हा फेकला, गुडघ्यावर. तिसऱ्या वेळी रिक्षावाल्याने पाय मागे घेतला.

"माझा डावा ऐकतच नाही! तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकलो कुठं? दूध काढतो गो. दोन्ही हातांनी, दोन्ही वक्ताला."

ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. राठ, बोटांना घट्टे पडलेले, एकसारखे. "मला दूध काढायला शिकवाल? दोन दिवसांत येईल?"

याच घडीसाठी तो माणूस चार महिने कड्यावर उभा राहिला होता. हो म्हटलं असतं तर कुणी खोटं ठरवलं नसतं. पण सोनबांनी मान हलवली.

"नाय. पयले चार दिस गाय तुला हात लावू देणार नाय, ती वास ओळखंल तवा. मंग आठ दिस नुसती बोटं दुखतील. धार लागायला पंधरा-वीस दिस. डावा वळायला त्याच्याही पुढं." ते थांबले. "आईला विचार. तुझ्या क्लासाचं मला काय कळत नाय."

रस्त्यावर ऊन तापलं होतं. सेजलने दोऱ्या बोटांतून सोडवल्या, नीट गुंडाळल्या, आणि आपली सात यो-योंची डबी बॅगेच्या तळाशी ठेवून दोन्ही निळे वर ठेवले.

"आई, रविवारी तू एकटी जाशील?"

"आणि क्लास?"

"जूनमध्ये करीन ना. आई, प्लीज. डावा हात आहे, आई!"

पूनमने सासऱ्यांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते, आपला काही संबंध नसल्यासारखे, पण टॉवेल दोन्ही मुठींत पिळून धरलेला. पूनमने बॅगा खाली ठेवल्या आणि फोन काढला. "वर रेंज नसते. इथूनच एक तिकीट रद्द करते," ती म्हणाली. "पण रोज संध्याकाळी टेकाडावर जाऊन मला फोन करायचा. दोघांनी."

सोनबांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी दोऱ्यांची नवी पुडी सेजलच्या हातात दिली.

ती पुडी खिशात कोंबत विचारत होती, "आजोबा, लाथ मारते का हो गाय?"

"तांबडी मारते," सोनबा बॅगा उचलत म्हणाले. "आपण काळीपासनं सुरू करू."